चिंचवडचा देव, पिंपरीचा बाजार

आमची पुतणी यंदा मोरोक्को देशांतील फेझ हें प्राचीन शहर पाहून आली. तिनें काढलेलीं छायाचित्रें पाहावयास एका संध्याकाळीं सारें घर माजघरांत जमलें होतें. मोटार शिरूं शकणार नाहीं अशा त्या अरुंद गल्ल्या, कातडीं रंगविण्याचे हौद, पुदिना घातलेला चहा, असें सारें पाहून झाल्यावर आमच्या काकूंनीं चष्मा पुसला आणि विचारलें, "छान आहे हो. पण आपलं चिंचवड पाहिलं आहेस का तूं?"

पुतणी गप्प बसली. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि गप्पच बसलों. पुण्याच्या पेठेंत आमच्या घराण्याच्या चार पिढ्या गेल्या. चिंचवड तेथून पंधरा-सोळा किलोमीटर. पण 'जवळच तर आहे, केव्हांहि जाऊं' या भरंवशावर घरांतील निम्मीं माणसें तेथें कधींच गेलीं नव्हतीं.

येथें एक घरगुती गोष्ट सांगणें अवश्य आहे. आमचा जुना वाडा पाडावयाचा ठरला आहे. त्यानंतर आम्हां चौघां भावांचीं चार बिऱ्हाडें शहराच्या चार दिशांना जातील. कागद तयार होते. सर्वांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली होती ती एकट्या काकूंची. त्या होहि म्हणत नव्हत्या व नाहींहि म्हणत नव्हत्या. त्या रात्रीं मात्र त्या म्हणाल्या, "एकदां सगळीं मिळून मोरयाला जाऊन येऊं. मग बघूं."

तेव्हां एका रविवारीं सकाळीं लहानथोर चौदा माणसें निघालों. मंडईपाशीं मेट्रोंत बसलें म्हणजे पिंपरीस महापालिकेपाशीं उतरावयाचें व तेथून रिक्षा करून चिंचवडगांवांत जावयाचें. काकूंच्या हातांत दशम्या व लसणाची चटणी यांचा डबा होता, कारण बाहेरचें खाणें त्यांस मुळींच मान्य नाहीं.

मोरया गोसावींचें समाधिमंदिर पवनेच्या कांठीं आहे. पावसाळ्यांत नदीस पूर आला म्हणजे पाणी थेट मंदिरांत शिरतें. आम्ही गेलों तेव्हां पूर नव्हता, पण पात्रांत जलपर्णी माजलेली होती. एवढ्या मोठ्या क्षेत्राच्या नदीची ही दशा पाहून वाईट वाटल्यावांचून राहिलें नाहीं. तथापि गाभाऱ्यासमोर उभें राहिल्यावर मन आपोआप निवांत होतें. 'गणपतिबाप्पा मोरया' असा गजर करतांना ज्या भक्ताचें नांव आपण देवाच्या नांवाला जोडतों, तो हाच, हें आमच्या लहानग्यांस त्या दिवशीं प्रथम कळलें.

जवळच मंगलमूर्तीचा वाडा आहे. परंपरेनें अशी कथा सांगतात कीं, मोरया गोसावी दर महिन्याच्या चतुर्थीस मोरगांवास जात. पुढें वार्धक्यामुळें त्यांच्यानें जाववेना, तेव्हां कऱ्हेच्या पात्रांत त्यांस मूर्ति सांपडली व ती त्यांनीं चिंचवडास आणली. आजहि भाद्रपदांत व माघांत मंगलमूर्तीची पालखी चिंचवडाहून मोरगांवास जाते. मोरगांव, थेऊर व सिद्धटेक या तीन क्षेत्रांची व्यवस्थाहि चिंचवडच्याच देवस्थानाकडे आहे. ही कथा ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे देवानंहि घर बदललंच कीं. पण जुन्या घरीं जाणं सोडलं नाहीं." आम्ही एकमेकांकडे पाहिलें, पण कोणी कांहीं बोललें नाहीं.

गांवांतच चापेकर बंधूंचा वाडा आहे. तेथें आतां त्यांचें स्मारक झालें आहे. वडील हरिपंत कीर्तनकार होते. पैसे देऊन साथीदार ठेवणें परवडेना, म्हणून मुलेंच त्यांच्या मागें उभीं राहून साथ करीत. २२ जून १८९७ च्या रात्रीं प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड याच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. पुढें १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदर, ८ मे १८९९ रोजीं वासुदेव व १२ मे १८९९ रोजीं बाळकृष्ण, असे तिघे सख्खे भाऊ फांशीं गेले. हा इतिहास आम्ही शाळेंत पाठ केला होता. परंतु तेरा महिन्यांच्या आंत तीन मुलगे गमावलेल्या घराच्या दारांत उभें राहून त्या तारखा पुन्हां मोजणें निराळें. काकू बराच वेळ उभ्या होत्या. शेवटीं एवढेंच म्हणाल्या, "घर रिकामं होणं म्हणजे हें. आपली नुसती भिंत पडायची आहे."

अकराच्या सुमारास पिंपरीच्या बाजारांत आलों. स्वातंत्र्यानंतर ज्या पिंपरींत सरकारनें पेनिसिलीनचा कारखाना काढला व १९५५ सालीं तें औषध येथें तयार होऊं लागलें, तीच ही पिंपरी. परंतु बायामाणसांस ती ठाऊक आहे ती बाजारामुळें. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती येथें झाली, म्हणून या भागास अजून कॅम्प म्हणतात. कापड, भांडीं, चादरी, बांगड्या, सारें कांहीं येथें मिळतें, आणि घासाघीस केल्याखेरीज घेणाऱ्यास व विकणाऱ्यास दोघांसहि चैन पडत नाहीं.

मुलांनीं दाल-पकवान मागविलें. मैद्याची पातळ, कुरकुरीत तळलेली मोठी पुरी, सोबत शिजविलेली हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची चटणी व कांदा. सिंधी घरांतील ही सकाळची न्याहारी. काकूंनीं प्रथम दशमीच उघडली. मग नातवानें फारच आग्रह केला तेव्हां एक तुकडा मोडून तोंडांत टाकला व निवाडा दिला, "पुरी आपलीच आहे. डाळीला थोडा गूळ हवा होता." दुसरा तुकडा मात्र त्यांनीं न सांगतां घेतला.

नंतर चादरींच्या दुकानांत शिरलों. दुकानदार तरुण होता व मराठी उत्तम बोलत होता. काकूंनीं सवयीप्रमाणें विचारलें, "गांव कुठलं तुमचं?"

"पिंपरी, आजी."

"आणि आजोबांचं?"

"शिकारपूर. सिंधमध्यें. आतां तिथं कोणी नाहीं. कोणी उल्हासनगरला, कोणी कोल्हापुराजवळ गांधीनगरला. पण चेटीचंडाला सगळे इथं जमतात. पन्नास पानं होतात."

काकू जरा वेळ थांबल्या. मग एकाच नक्षीच्या चार चादरी त्यांनीं काढावयास सांगितल्या व भाव निम्म्यावर मागितला. आमच्या धाकट्या वहिनीनें विचारलें, "काकू, चार कशाला? आणि तुमच्यासाठीं?"

"चार घरं, चार चादरी. माझी प्रत्येकाकडे एक आहेच कीं."

परत येतांना मेट्रोंत खिडकीशीं बसून त्यांनीं नियमहि सांगून टाकला. दर महिन्याची संकष्टी एकेका भावाकडे. त्या दिवशीं चौदाहि माणसांनीं तेथें जेवावयास यावयाचें. सबब चालणार नाहीं. रात्रीं त्यांनीं कागदावर सही केली.

या हकीकतीवरून आमच्या वाचकांनीं एवढेंच घ्यावें कीं, दूरचीं शहरें अवश्य पाहावींत, परंतु सारें घर एकत्र आहे तोंवर जवळचें गांवहि एकदां मिळून पाहून घ्यावें. सकाळीं लवकर निघावें, देवदर्शन आधीं करावें, आणि दाल-पकवानापुरती भूक राखून ठेवावी. पहिली संकष्टी आमच्याकडे आहे. चौदा माणसांचीं पानें नव्या जागेंत मांडावीं कशीं, याचाच विचार सध्यां आमच्या घरीं चालला आहे.