जुना लॅपटॉप बाबांना देण्याआधी

दर डिसेंबरात भारतात जाताना आपल्यातले कितीतरी जण बॅगेत कपड्यांच्या घडीत एक जुना लॅपटॉप गुंडाळून टाकतात. "घरी कुणाला तरी होईल." तुम्हीही कधीतरी नेला असेल. मीही नेला. त्यावरूनच आज तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

हा विषय सध्या घरोघरी निघतो, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, किमान ४ जीबी रॅम लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा लागतो. म्हणजे २०१६ साली हौसेने घेतलेला, आजही ठणठणीत असलेला लॅपटॉपसुद्धा अधिकृतरीत्या बाद. मग आपल्यात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "टाकून दे, नवा घे." दुसरा म्हणतो, "लिनक्स टाक, पळेल."

पहिल्या पक्षाला एकच आकडा सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. चालतं यंत्र फेकायला यापेक्षा बरं कारण हवं.

पण माझं खरं भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे. मी त्याच पक्षातली.

माझा लॅपटॉप २००९ चा. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, कराडला असतात. त्यांना त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी लिहायच्या होत्या. मी सर्वांत हलकं काय ते शोधलं आणि अँटीएक्स टाकलं, वर आइसडब्ल्यूएम. सुरू झाल्यावर अडीचशे एमबीसुद्धा रॅम खात नव्हतं. मी त्या आकड्याचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला आणि चौथ्या दिवशी लीड्सला परत आले.

व्हिडिओ कॉलवर बाबा दर वेळी म्हणायचे, "छान चालतोय हो." जूनमध्ये आईने सांगितलं की ते वहीत लिहितायत. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की मराठी कीबोर्ड गायब व्हायचा. पेनड्राइव्ह लावला तर कुठे दिसायचा नाही. बाबांना वाटलं, आपणच काहीतरी बिघडवलं. मला का नाही सांगितलं, तर म्हणे, "तू लॅबमध्ये असतेस, तुला कशाला त्रास."

यात अँटीएक्सचा काही दोष नाही. ५१२ एमबी रॅमच्या यंत्रात जीव आणणारी ती प्रामाणिक सिस्टम आहे आणि ज्याला तिची सवय आहे त्याच्यासाठी उत्तम आहे. दोष माझा. यंत्रावरचं ओझं मी बाबांच्या डोक्यावर ठेवलं आणि विमानात बसले. 'हलकी सिस्टम कोणती' हा आपला आवडता प्रश्नच अर्धवट आहे. समोर कोण बसणार आणि अडलं तर तो कुणाला विचारणार, हे आधी ठरवा.

आता हिशेब बघा. दोन हलक्या सिस्टममध्ये फरक असतो काहीशे एमबीचा. ब्राउझरमध्ये यूट्यूब आणि जीमेल उघडलं की तेवढी रॅम तिथेच जाते. आजच्या जुन्या लॅपटॉपला जड होतो तो ब्राउझर. तेव्हा दोनशे एमबीसाठी फोरमवर रात्री जागवण्यापेक्षा थोडे पैसे खर्च करा. जुनी हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवा आणि मदरबोर्ड घेत असेल तर रॅम ४ जीबी करा. माझ्या लॅपटॉपला सिस्टम बदलून मिळाला नसता एवढा वेग या दोन गोष्टींनी मिळाला.

प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. कोअर टू ड्युओ ६४ बिटचे आहेत. सुरुवातीच्या काही अ‍ॅटम नेटबुकचे नाहीत. ३२ बिटचे दरवाजे आता बंद होत आहेत. मिंटच्या मुख्य आवृत्तीने ते २०२० मध्येच बंद केले आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. असं यंत्र बँकेच्या कामाला कुणाला देऊ नका. नेटशिवाय टायपिंगला वापरा, नाहीतर रीतसर रिसायकलिंगला द्या.

६४ बिट असेल तर माझं मत सरळ आहे: लिनक्स मिंट, एक्सएफसीई डेस्कटॉप. किमान २ जीबी रॅम चालते, ४ असावी. खाली डावीकडे मेनू, वर फोल्डर, पेनड्राइव्ह लावला की समोर चित्र. २२ ची मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. लुबंटूही चालेल. त्याहून हलकं फक्त स्वतःसाठी.

आणि मराठी. याच ठिकाणी आपण सगळ्यात जास्त आळस करतो. आयबस आणि एम१७एन बसवलं की इनस्क्रिप्टही मिळतं आणि उच्चारानुसार लिहायचा कीबोर्डही. नोटो किंवा लोहित फाँट आहे ना, ते बघा. मग लॅपटॉप तीनदा बंद-चालू करा आणि तिन्ही वेळा कीबोर्ड जागेवर राहतो का ते पाहा. शेवटी ज्याला द्यायचाय त्याला एक पानभर टाइप करायला सांगा, सेव्ह करायला सांगा, पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा. तुम्ही हात मागे बांधून बसा.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, त्यांना मोबाइल पुरतो. फॉरवर्ड वाचायला पुरतो. चाळीस पानं लिहायला पुरत नाही. आईबाबा फक्त वाचणार, लिहिणार नाहीत, हे आपण परस्पर कधी ठरवलं?

गेल्या डिसेंबरात मी एसएसडी, रॅम आणि मिंट हे सगळं केलं आणि अकरा दिवस राहिले. पहिले चार दिवस बाबांनी रोज काहीतरी विचारलं, नंतर विचारायचं थांबले. मला पुन्हा शंका आली, म्हणून या वेळी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते टाइप करत होते. आज त्यांची एकतीस पानं झाली आहेत. कधीकधी अटॅचमेंट जोडायची विसरतात, मग अर्ध्या तासाने दुसरी ईमेल येते.

तेव्हा यंदा बॅग भरताना स्वतःला विचारा, तिथे गेल्यावर या यंत्रासाठी आपण निदान तीन दिवस देणार आहोत का? देणार असाल तर जरूर न्या. नसाल तर डेटा पुसून इथल्याच एखाद्या संस्थेला द्या किंवा इथेच रिसायकल करा. आपला कचरा माया म्हणून घरी पोचवू नका. तिथे तो कुणी फेकत नाही. 'मुलीने दिलाय' म्हणून कपाटात जपून ठेवतात आणि वहीत लिहितात.