यादीत नाव आहे, सल्ला नाही

“एलआयसीनं घेतलाय ना, मग आपल्याला काय भीती?” मोबाइलवर डिमॅट खाती उघडू लागल्यापासून वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतही हा सवाल ऐकू येतो. मोठ्या संस्थेनं घेतला म्हणजे शेअर पारखूनच घेतला असणार, ही त्यामागची समजूत. मला ती मान्य नाही.

बजाज ऑटोचंच घ्या, नाव आपल्या जिल्ह्यातलं आहे. तिच्या भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांमध्ये जमनालाल सन्स दिसते, बछराज अँड कंपनी दिसते. वर्ध्याच्या ज्या शेठ बछराजांनी जमनालाल बजाज यांना नातू म्हणून दत्तक आणलं, त्यांचं नाव आजही शेअर बाजाराच्या कागदावर आहे! त्याखाली म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी संस्था. सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत हा तक्ता जाहीर करावा लागतो. सार्वजनिक भागधारकांत नाव छापलं जातं ते 1 टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असणाऱ्याचं.

फसगत इथंच होते. वाटा 1.02 वरून 0.98 टक्क्यावर आला की नाव गायब, आणि लगेच बोंब उठते, ‘अमक्यानं सगळा माल काढला!’ शिवाय 30 जूनचा तक्ता तुमच्या हाती जुलैत पडतो. तोवर ती संस्था विकून मोकळीही झालेली असू शकते. अमेरिकेत तर अशा संस्थांना 45 दिवसांची सवड आहे, आणि मंदीचे सौदे त्या विवरणात येतच नाहीत. त्यात निफ्टीच्या मागं चालणारे फंड निराळे. कंपनी निर्देशांकात आहे म्हणून ते शेअर घेतात. त्यात पारख कसली?

आणखी एक गंमत. व्यक्तींच्या रकान्यात ‘2 लाखांपर्यंत नाममात्र भांडवल’ असा छोट्यांचा वर्ग असतो. बजाज ऑटोचा दर्शनी भाव 10 रुपये, म्हणजे 20,000 शेअर. बाजारभाव 9,000 धरला तर 18 कोटींचा धनीही इथं ‘छोटा’च!

मग काही जण दुसरं टोक गाठतात: ही सगळी धूळफेक, सामान्य माणसाला तिचा काय उपयोग? हेही खोटं. जानेवारी 2023 मध्ये हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेचा आरोप करणारा अहवाल आला आणि अदानी समूहाचे शेअर कोसळले, तेव्हा एलआयसीचा वाटा आधीच जाहीर असल्यामुळं पॉलिसीधारकांच्या पैशाचा जाब विचारता आला. 30 जानेवारीला एलआयसीला सांगावं लागलं: शेअरची खरेदी 30,127 कोटींची, 27 तारखेचं बाजारमूल्य 56,142 कोटी. हप्ता भरणाऱ्याला हा हिशेब मिळालाच पाहिजे.

तेव्हा हा कागद सातबारासारखा वाचावा. शेत कुणाचं, बोजा कुणाचा, एवढं त्यातून कळतं; यंदा कापूस किती निघेल ते सातबारा सांगत नाही. बोजाही इथं खराच असतो: प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत, त्याचा रकाना याच तक्त्यात आहे. एलआयसीचं नाव शोधणारे तिथवर जातच नाहीत. एकामागून एक तिमाहीत तो आकडा चढत असेल, तर खाली कितीही मोठ्या संस्था बसलेल्या असोत, मी आधी प्रवर्तकाला पैशाची एवढी निकड का पडली ते विचारीन.