व्याह्याचे घोडे आणि आपले अंगण

हुसेनसागरच्या काठाने रोज जाणाऱ्या-येणाऱ्या आपल्या मंडळींना ११ फेब्रुवारी २०२३ हा दिवस चांगलाच आठवत असेल. ज्या रस्त्याने आपण एरवी रिक्षा आणि बसच्या गर्दीतून वाट काढतो, त्याच एनटीआर मार्गावर आणि लुंबिनी पार्कच्या बाजूला त्या दिवशी विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्या धावल्या. चाके अंगाबाहेर उघडी, आत एकच माणूस बसेल एवढी जागा, अशा त्या गाड्या. फॉर्म्युला ई या जागतिक स्पर्धेची भारतातली ती पहिलीच फेरी. सुमारे पावणेतीन किलोमीटरच्या त्या वळणावळणाच्या मार्गावर फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हेर्न पहिला आला. आपल्या घरांतली तरुण मुले तिकिटे काढून गेली, काहींनी दूरदर्शन संचासमोर बसून पाहिले आणि पडद्यावर आपला तलाव, आपला बुद्धाचा पुतळा दिसला म्हणून घरातल्या आजीलाही बरे वाटले. यात खोटे काही नाही आणि त्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतूही नाही.

परंतु पुढे काय झाले? दुसरी शर्यत १० फेब्रुवारी २०२४ रोजी व्हायची होती. ती झालीच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, डिसेंबरात राज्यातले सरकार बदलले आणि ५ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे जेमतेम पाच आठवडे उरले असताना, शर्यत रद्द झाल्याचे जाहीर झाले. नव्या सरकारच्या नगरविकास खात्याने यजमान शहराचा करार पाळायचा नाही असे ठरवले, असे आयोजकांनी सांगितले. त्यानंतर गोष्ट मैदानातून उठून चौकशीच्या टेबलावर गेली. खासगी प्रायोजक पहिल्या वर्षानंतर मागे सरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाच्या तिजोरीतून कराच्या रकमेसह सुमारे ५५ कोटी रुपये खर्ची पडले आणि त्यासाठी आवश्यक त्या मंजुऱ्या घेतल्या गेल्या नाहीत, असा आरोप ठेवून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला. तत्कालीन मंत्री के. टी. रामा राव यांनी आरोप फेटाळले. जे केले ते शहराच्या नावलौकिकासाठी केले, असे त्यांचे म्हणणे. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. आम्हांला बोलायचे आहे ते निराळ्याच मुद्द्यावर.

जुन्या वाचकांना स्मरत असेल की हा प्रकार आपल्या शहरात पहिल्यांदा घडलेला नाही. २००३ साली तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी फॉर्म्युला वन हैदराबादेत आणण्यासाठी सामंजस्य करार केला होता. २००७ मध्ये पहिली शर्यत होईल असे सांगितले जात होते. शहराबाहेर जमीन राखून ठेवण्याच्या गोष्टी झाल्या, वर्तमानपत्रांत रकाने भरले. २००४ मध्ये निवडणूक झाली, सरकार गेले आणि शर्यतही गेली. वीस वर्षांच्या अंतराने तेच नाटक, फक्त पात्रे बदललेली. एका सरकारने आणायचे, दुसऱ्याने मोडायचे आणि मधल्या मध्ये रस्ता आपला, पैसा आपला, नाचक्कीही आपलीच.

घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. घोडे दिसायला देखणे असते, दारात बांधले की चार लोक बघायलाही येतात. पण त्याच्या दाण्या-वैरणीचे काय, हा प्रश्न घरातल्या बाईला पडतो, बैठकीतल्या कारभाऱ्याला पडत नाही. परदेशी शर्यतींचे नेमके असेच आहे. फॉर्म्युला वनचा व्यवहार साधारणपणे असा चालतो की यजमानाने दरवर्षी मोठे शुल्क द्यायचे, मार्ग स्वतःच्या खर्चाने तयार करायचा, आणि तिकीट विक्रीतून जमेल तेवढी भरपाई करून घ्यायची. प्रक्षेपणाचे हक्क आणि मोठ्या जाहिरातींचे उत्पन्न मात्र शर्यतीच्या मालकांकडे जाते. शर्यतीची ठिकाणे निवडणारे लोक लंडनमध्ये बसतात. त्यांचे ते काम आहे, ते आपला नफा पाहणारच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की, त्यांनी आपले शहर निवडले तेव्हा आपल्या बाजूने कोणी निवड केली?

दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडाचे उदाहरण घ्या. तेथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उभे राहिले आणि २०११, २०१२ व २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. त्यानंतर शर्यत बंद पडली. हा खेळ आहे की करमणूक, यावर उत्तर प्रदेश सरकारशी कराचा वाद. आयोजक कंपनीच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो की नाही, हा दुसरा वाद. दुसऱ्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कंपनीच्या विरुद्ध दिला. तोवर गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. जे प्रश्न करारापूर्वी मिटवायचे, ते शर्यत संपल्यावर चार वर्षांनी मिटले.

हे केवळ आपल्या देशातच होते असे कोणी समजू नये. दक्षिण कोरियात यंगाम येथे सात वर्षांचा करार झाला होता. २०१० ते २०१३ अशा चारच शर्यती झाल्या. कॅनडातील माँट्रियलची कथा तर आपल्याच कथेची जुळी बहीण शोभावी. तेथे जुलै २०१७ मध्ये भर शहरातल्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई झाली. महापौर देनी कोदेर यांचा तो लाडका प्रकल्प. रस्ते अडल्याने रहिवासी चिडले, फुकट वाटलेल्या तिकिटांचा विषय निवडणुकीत गाजला, नोव्हेंबरात महापौर हरले आणि नव्या महापौर व्हॅलेरी प्लान्त यांनी डिसेंबरात पुढची शर्यत रद्द केली. म्हणजे हा दोष तेलुगू-मराठीचा नाही, काळ्या-गोऱ्याचा नाही. जी गोष्ट एका नेत्याच्या सहीने येते, ती त्याच्या खुर्चीबरोबर जाते.

याच्या उलट मेलबर्न पाहा. १९९६ पासून तेथे अल्बर्ट पार्क या सार्वजनिक बागेभोवती फॉर्म्युला वनची शर्यत होत आली आहे. तिला विरोध करणारे नागरिक पहिल्यापासून आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे, कारण सरकारी तिजोरीला दरवर्षी भार पडतो. तरीही १९९९ मध्ये सरकार बदलले तेव्हा शर्यत मोडली नाही, पुढेही सत्तांतरे झाली तरी मोडली नाही. कारण काय? १९९४ मध्येच तेथील विधिमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. शर्यत चालवणारे महामंडळ आहे, त्याचा वार्षिक अहवाल सभागृहापुढे येतो, किती आले आणि किती गेले हे विरोधकालाही वाचता येते. ज्याला शर्यत नको, त्याच्या हातात निदान आकडे तरी असतात. आपल्या हातात काय होते?

आमचे म्हणणे एवढेच आहे. परदेशी शर्यतीसाठी आपले शहर द्यायचे की नाही, हा निर्णय मंत्र्याच्या दालनात होता कामा नये. तो सभागृहात, उघड चर्चा करून व्हावा. सही होण्यापूर्वी करार लोकांसमोर ठेवावा. प्रायोजक पळाला तर भार कोणावर, सरकार बदलले तर काय, किती दिवस रस्ता बंद, आसपासच्या दुकानदाराचे आणि रुग्णालयाकडे जाणाऱ्या रुग्णाचे काय, या चार प्रश्नांची उत्तरे करारात लिहिलेली असावीत. तोंडी आश्वासन नको.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, अशा उघड चर्चेत वेळ जाईल आणि दुसरे शहर शर्यत पळवून नेईल. नेऊ द्यावी. जी मुलगी चार दिवस थांबायला तयार नाही तिच्यासाठी घर गहाण टाकू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पहिल्या शर्यतीमुळे शहराला सुमारे ७०० कोटी रुपयांचा लाभ झाला, असे तेव्हाच्या सरकारच्या बाजूने सांगितले गेले. असेलही. हॉटेले भरली, विमाने भरली, शहराचे नाव जगभर गेले. पण हा लाभ कोणाच्या खिशात गेला आणि खर्च कोणाच्या खिशातून झाला, हे दोन हिशेब एकाच कागदावर मांडलेले आम्ही पाहिले नाहीत. आणि इतका लाभ होता, तर खासगी प्रायोजक दुसऱ्या वर्षी का थांबला नाही, हा साधा प्रश्न किराणा दुकान चालवणारा माणूसही विचारील.

नव्या सरकारलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आधीच्यांनी केलेला करार चुकीचा वाटला, तर तो तपासावा, सुधारावा, गरज पडली तर मोडावाही. पण मोडण्याआधी सभागृहात आणि शहरात चर्चा व्हायला हवी होती. आणि ज्यांनी शर्यतीला उधळपट्टी म्हटले, त्यांच्याच कारकिर्दीत मे २०२५ मध्ये मिस वर्ल्डचा सोहळा याच शहरात झाला, शहराचे नाव जगात जावे याच कारणासाठी. म्हणजे आक्षेप जत्रेला नव्हता, जत्रा कोणाची याला होता. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. २०२३ च्या निवडणुकीत हैदराबाद जिल्ह्यातल्या १५ जागांपैकी एकही जागा आज राज्य करणाऱ्या पक्षाला मिळाली नव्हती. शहराने एक कौल दिला, राज्याने दुसरा. तो लोकशाहीचा नियमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु शर्यत आणतानाही शहराला विचारले नाही आणि मोडतानाही विचारले नाही, हे खरेच ना?

आपण सुलतान बाजार, काचीगुडा, नारायणगुडा, बरकतपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे. आपल्या आजोबांनी निजामाचे राज्य पाहिले, १९४८ ची पोलीस अॅक्शन पाहिली. १९५६ मध्ये मराठवाडा आपल्यापासून वेगळा होऊन मुंबई राज्यात गेला आणि आपण येथेच राहिलो. २०१४ मध्ये तेलंगण झाले. घर एकच राहिले, राज्ये तीन बदलली. विवेकवर्धिनीसारखी संस्था १९०७ पासून येथे उभी आहे, ती कोणा एका सरकारच्या मेहेरबानीवर नव्हे. वर्गणी देणाऱ्यांना हिशेब दिला गेला, सभेत भांडणे झाली, ठराव झाले, म्हणून ती टिकली. साध्या गणेशोत्सवाचा मांडव घालायचा तरी आपण शेजाऱ्याला विचारतो, रस्ता किती दिवस अडेल ते सांगतो आणि शेवटी जमाखर्च फळ्यावर लावतो. पाच हजारांच्या वर्गणीला जो नियम, तो ५५ कोटींना का नसावा?

शर्यतीच्या आठवड्यात सराव सुरू होण्याआधी शहरातली काही वाहने चुकून त्या मार्गावर शिरली, तेव्हा पुष्कळांनी हैदराबादकरांना हसून घेतले. आम्हांला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. तो आपला रोजचा रस्ता होता. आपल्याच रस्त्यावर आपण परके कधी झालो, हे कोणी सांगितले नसेल तर माणूस नेहमीच्या वाटेनेच जाणार.

अशा शर्यतीचे बोलणे पुन्हा निघेल. शर्यत नसेल तर दुसरे काही येईल. तेव्हा आपल्या वॉर्डात मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, चहा जरूर पाजावा आणि एक प्रश्न विचारावा : पुढचा करार सहीपूर्वी आम्हांला वाचायला मिळेल का? उत्तर होकारार्थी आले तर ते लिहून घ्यावे. घोडे दारात बांधायला आमची ना नाही. पण अंगण आमचे आहे, तेव्हा आधी विचारा.