क्रेनची निवड : टनांचा हिशेब आणि माणसांचा

बनी पार्कातून सिंधी कॅम्पकडे निघाले की जयपूर मेट्रोचा उन्नत मार्ग लागतो. मानसरोवर ते चांदपोल हा पहिला टप्पा ३ जून २०१५ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. एवढे अवजड काँक्रीट त्या खांबांवर कसे चढले असेल, हा प्रश्न प्रवाशाला पडत नाही, आणि पडण्याचे कारणही नाही. परंतु ज्यांच्या सहीने सार्वजनिक कामांवर पैसा खर्च होतो, त्यांना तो पडलाच पाहिजे. अवजड क्रेनची निवड हा विषय अभियंत्यांचा समजला जातो. माझ्या मते तो तितकाच प्रशासनाचा आणि अर्थशास्त्राचाही आहे.

कार्यालयीन टिपणीत क्रेनचे वर्णन बहुधा एकाच आकड्याने होते : १०० टनी क्रेन, अमुक दिवस, अमुक भाडे. हा आकडा फसवा आहे. १०० टन ही कमाल क्षमता असते आणि ती भार क्रेनच्या अगदी जवळ, साधारण तीन मीटरवर असतानाच मिळते. भार दूर जाऊ लागला की क्षमता झपाट्याने उतरते. तत्त्व तराजूच्या दांडीचेच आहे. ३० टनांचा भार १० मीटरवर असेल तर क्रेनला उलथवू पाहणारा जोर ३०० टन-मीटर होतो. तोच भार २० मीटरवर गेला की ६००. त्यामुळे '१०० टनी' म्हणवणारी क्रेन २० मीटरवर साधारणतः पंधरा टनांच्या आसपासच उचलू शकते. शिवाय हूक, स्लिंग आणि उचलण्याची तुळई यांचे वजनही त्यातच धरावे लागते. खरे उत्तर उत्पादकाच्या लोड चार्टमध्ये, म्हणजे भारतक्त्यात असते. निविदेच्या मथळ्यात नसते.

म्हणून विचारायचा प्रश्न 'किती टनी?' हा नव्हे. सर्वांत जड नग कोणता, तो किती अंतरावर व किती उंचीवर ठेवायचा, आणि क्रेनच्या पायाखालची जमीन कशी आहे, हे प्रश्न आधीचे. भरावाची माती किंवा जुने गटार आउटरिगरखाली आले तर उत्तम क्रेनही कलंडते. दोन-चार दिवसांच्या कामाला रस्त्याने चालत येणारी ट्रकवरील क्रेन परवडते. क्रॉलर क्रेन सुटी करून अनेक ट्रेलरवरून आणावी लागते, जोडण्यात दिवस जातात; पण काम महिनोन्‌महिने चालणार असेल तर तीच स्वस्त पडते. अरुंद जागेतील उंच इमारतीला टॉवर क्रेनच योग्य. रोजचे भाडे ही किंमत असते, खर्च नव्हे. हा फरक अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातला आहे, पण तो फाइलीत हरवतो.

वाऱ्याचा हिशेब तर सर्रास राहून जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. अमेरिकेतील मिलवॉकी येथे १४ जुलै १९९९ रोजी क्रीडागाराच्या छताचा सुमारे साडेचारशे टनांचा भाग उचलताना प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन कामगार गेले. उचललेल्या छतावर वाऱ्याचा किती दाब येईल, हे धरलेच गेले नव्हते. मक्केत ११ सप्टेंबर २०१५ रोजी वादळात क्रेन कोसळून शंभराहून अधिक माणसे मेली. ज्येष्ठातील आंधी अनुभवलेल्या जयपूरकराला हे वेगळे सांगायला नको.

दिल्लीतील जमरूदपूर येथे १२ जुलै २००९ रोजी मेट्रोच्या बांधकामात अपघात होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी तो ढिगारा उचलणाऱ्या क्रेनही कोलमडल्या आणि आणखी काही जण जखमी झाले. एकच भार अनेक क्रेननी वाटून घेतला की एकीने दगा देताच तिचा वाटा क्षणात उरलेल्यांवर येतो. चार क्रेन म्हणजे चौपट सुरक्षितता, हा समज म्हणूनच घातक आहे.

आपल्या महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर चढवणारे यंत्र कोसळले आणि वीस जण दगावले. त्यांत दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले मजूर होते. वाचकहो, आपणही घर सोडून परमुलखात आलो आहोत, पण आपल्या डोक्यावर गर्डर लटकत नाही. कोणत्याही उचलीत वाचवलेले भाडे कंत्राटदाराच्या नफ्यात जाते आणि वाढलेला धोका मजुराच्या वाट्याला येतो. मजूर त्या करारात पक्षकारच नसतो. ज्या किमतीचा बोजा तिसऱ्याने वाहायचा, ती किंमत बाजार आपणहून मोजत नाही. ती मोजणे हे शासनाचे काम.

न्यूनतम दराची निविदा पद्धत सोडावी, असे मी म्हणत नाही. तिने वशिलेबाजीला लगाम घातला आहे आणि अधिकाऱ्यालाही संरक्षण दिले आहे. परंतु केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी निवडक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्याची वाट मोकळी केली आहे. तेवढ्यासाठीही थांबण्याचे कारण नाही. अवजड उचलीचा आराखडा, जमिनीची तपासणी आणि त्रयस्थ अभियंत्याची पडताळणी या बाबी निविदेत स्वतंत्र, ठरावीक मोबदल्याच्या ठेवाव्यात. ज्या बाबीचा दर सर्वांना सारखाच मिळणार, तिच्यात काटछाट करून कोणी निविदा जिंकू शकणार नाही. आणि वारा वाढला म्हणून काम थांबवणाऱ्या क्रेनचालकाचा त्या दिवसाचा रोज बुडता कामा नये, हेही करारात लिहावे.

टन मोजणे अभियंत्याचे काम आहे. ते मोजल्याशिवाय भार जमिनीवरून उचलला जाणार नाही, अशी व्यवस्था करणे मात्र सही करणाऱ्याचे काम आहे. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. भारतक्ता फाइलीला जोडला आहे का, एवढे विचारावे लागते.