सापाचे अंथरूण



एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे शेजारच्या मुलाने साप पाळला आहे आणि त्याच्या पेटीत काय अंथरावे यावर त्या घरात म्हणे मोठा खल झाला. बाई विचारतात, "आम्ही साप दिसला की जीव मुठीत धरतो आणि तिकडे त्याला गादी घालतात, हे खरे का?"

अगदी खरे आहे. तिकडे पुष्कळ घरांत पाळला जातो तो कॉर्न स्नेक, म्हणजे मक्याचा साप. बिनविषारी, उंदरांवर जगणारा. पूर्वी मक्याच्या कणग्यांत उंदरांच्या मागे सापडायचा म्हणून हे नाव पडले असे काही म्हणतात. पोटावरची नक्षी मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून, असे दुसरे म्हणतात. त्याच्या पेटीत ॲस्पेन नावाच्या झाडाच्या ढलप्या घालतात, सुताराच्या रंध्याखाली निघतात तशा पातळ. थर दोन-तीन इंचांचा, कारण सापाला त्यात शिरून बसायचे असते. सीडर नावाचे वासाचे लाकूड मात्र वर्ज्य. त्यातल्या तेलाने सापाला अपाय होतो. मक्याच्या बुरकुंडांचा भरडाही जाणते लोक टाळतात, कारण भक्ष्याबरोबर तो पोटात गेला तर आतडे तुंबते. काहीजण सरळ जुने वर्तमानपत्र घालतात. घाण झाले की गुंडाळून फेकले, काम झाले! अंथरूण ओले राहिले तर सापाच्या पोटाच्या खवल्यांना फोड येऊन ते कुजतात आणि फारच कोरडे झाले तर कात अखंड न निघता तुकड्या-तुकड्यांनी निघते. कोंबड्यांच्या खालचे तूस ज्यांनी सांभाळले आहे त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

आपल्याकडे मात्र हा शौक चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथले रानातले साप पकडून घरी ठेवणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. परवाना घेऊन साप ठेवणारी एक जागा मात्र सांगण्यासारखी आहे. तमिळनाडूत चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. सापांच्या कातड्यांचा व्यापार बंद झाल्यावर या लोकांचे पोट बुडाले, तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली ती उभी राहिली. तिथे साप काचेच्या पेटीत नसतात, मातीच्या मडक्यात असतात. तळाला वाळू, तोंडाला सुती फडके, वरून दोरी. मडके आतून गार राहते, अंधार असतो आणि फडक्यातून वारा खेळतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे असे चारच प्रकार ते ठेवतात. तीन-चार आठवड्यांत चार वेळा विष काढायचे, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि पुन्हा रानात सोडायचे. तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये म्हणून ती खूण. सर्पदंशावरचे जे औषध आपल्या दवाखान्यांत असते, त्यासाठी लागणारे बहुतेक विष याच मडक्यांतून जाते. २०२३ साली या जमातीच्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना पद्मश्री मिळाली. ना मोठी शाळा, ना पदवी!

आता मुद्द्यावर येतो. अमेरिकेतली पेटी घ्या की इरुळांचे मडके घ्या, सापाची मागणी एकच आहे. कोरडे हवे. अंधार हवा. अंगाला चहूकडून टेकेल अशी अडचण हवी. एका बाजूला ऊब आणि सरकायला दुसऱ्या बाजूला गारवा हवा, कारण त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ही यादी हातात घेऊन आपल्या अंगणात एक चक्कर मारा. भिंतीला टेकून रचलेला गोवऱ्यांचा हुडवा, मागच्या दाराला लागून पऱ्हाट्यांचा ढीग, गोठ्याच्या वळचणीला कडब्याची गंजी, कोपऱ्यात रिकाम्या बारदानांची चळत. ज्या सापाला पाळायचे नाही, त्याचे अंथरूण आपणच घालून ठेवले आहे. शिवाय गंजीत उंदीर आणि खाटेखाली टोपलीत कोंबडीची अंडी, म्हणजे जेवणाचीही सोय.

मृगाचा पाऊस पडला की बिळांत पाणी शिरते आणि साप कोरडी जागा शोधत निघतो. म्हणून ही कामे त्याआधीच उरकावीत. गंजी घरापासून पंचवीस-तीस पावले दूर रचावी. सरपण आणि गोवऱ्या जमिनीवर न टाकता चार दगडांवर फळ्या ठेवून हात-दीड हात उंचावर रचाव्यात, म्हणजे खालून खराटा फिरतो आणि उजेडही जातो. रिकामी पोती घडी करून दोरीवर टांगावीत. भिंतीतली आणि जोत्यातली भोके चिखलाने किंवा सिमेंटने बुजवावीत. कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या खोलीत नको. फिनेल शिंपडले, लसूण ठेचून टाकला म्हणजे साप येत नाही या भरवशावर राहू नये. तो वास चार दिवसांत उडतो, ढीग मात्र तिथेच असतो.

एक गोष्ट पुरुष मंडळींसाठी. गंजी आणि हुडवा कुठे रचायचा हे बहुतेक घरांत तुम्ही ठरवता, पण पहाटे अंधारात त्यात हात घालते ती घरची बाई. तिच्या हाताशी बॅटरी आणि एक लांब काठी ठेवा. आधी काठीने ढीग हलवायचा, मग वरच्या गोवऱ्या काढायच्या. मधूनच उपसायच्या नाहीत.

आणि माणसाच्या अंथरुणाचे काय? मण्यार रात्री हिंडते. उंदीर, पाली, बारके साप शोधत ती घरात शिरते, आणि जमिनीवर वाकळ टाकून झोपलेल्या माणसाचा हात तिच्यावर पडला की चावते. बाज असेल तर बाजेवर झोपावे. बाज सगळ्यांना पुरत नाही हे खरे, पण मच्छरदाणी जमिनीवरही लावता येते. कडा चारी बाजूंनी वाकळेखाली नीट दाबल्या पाहिजेत, नुसत्या लोंबत ठेवून उपयोग नाही. लहान मुले झोपेत कडेला सरकतात, त्यांना मधे घ्यावे.

मण्यारीचा चावा बहुधा दुखत नाही, सुजत नाही, दातांची खूणही पुष्कळदा दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस रात्री किंवा पहाटे पोटात कळा येतात म्हणाला, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, बोबडी वळू लागली, तर अपचन समजून ओवा देत बसू नये आणि मांत्रिकाकडेही नेऊ नये. कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. हात-पाय हलू न देता तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. वर सांगितलेल्या चारही सापांवर औषध एकच असते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते. त्या शोधाशोधीत वेळ जातो आणि दुसऱ्या माणसाला चावण्याची भीती असते. त्रास किती वाजता सुरू झाला तेवढे मात्र लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे.