यात्रेतील आर.एफ.आय.डी. कार्ड : उपयोग व मर्यादा

दि. १ जानेवारी २०२२ रोजी वैष्णोदेवी येथील चेंगराचेंगरीत १२ भाविक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी तेथे कागदी यात्रापर्चीऐवजी आर.एफ.आय.डी. कार्ड आले, अमरनाथ यात्रेतही ते देण्यात येऊ लागले. जनवाड्याहून दूरच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांनी त्याची मर्यादा जाणून घ्यावी. फास्टॅगप्रमाणेच अशा कार्डात सहसा बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राच्या रेडिओलहरींनीच त्यातील चिप क्षणभर जागी होते. म्हणून यात्रेकरू कोणत्या नाक्यावरून केव्हा गेला एवढेच कळते. पुढे वाट चुकलेली वृद्ध माउली आता कोठे आहे, हे कळत नाही. किती जण वर गेले व किती परतले, ही गणना मात्र होते आणि गर्दी वेळीच थोपविण्यास तीच उपयोगी पडते. वृद्धांच्या खिशात नाव व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावीच.