सौंदर्याचा बाजार आणि मुक्या जिवांचा बळी

ओठांना लावावयाच्या लालीची परीक्षा सशावर करण्यास भारतात २०१४ पासून कायद्याने बंदी आहे. मात्र तेच ओठ फुगीर दिसावेत म्हणून त्वचेखाली टोचावयाचे द्रव्य सशाच्या किंवा उंदराच्या अंगात भरून तपासले, तर ही बंदी आड येत नाही. लाली हे सौंदर्यप्रसाधन, तर ‘फिलर’ या नावाने विकले जाणारे भरावद्रव्य हे वैद्यकीय उपकरण आणि त्याला २०१७ ची वेगळी नियमावली लागू. हेतू तोच, गिऱ्हाईक तेच, ओठही तेच. केवळ सुईच्या टोकाने वस्तूची जात बदलली आणि सशाचे संरक्षण गेले!

कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसांत वावरणारा कार्यकर्ता विचारील, की मुंबई-पुण्याच्या धनिकांच्या गालांशी आणि प्रयोगशाळेतील सशांशी आपला संबंध काय? भूतदया ही पोट भरलेल्यांची चैन आहे, हा आक्षेप डाव्या चळवळीत नवा नाही. परंतु तो खरा नाही. १९७२ च्या दुष्काळात दावणीचे जनावर डोळ्यांदेखत खंगताना ज्याने पाहिले, २०१८-१९ मध्ये चारा छावणीत गुरांशेजारी ज्याने रात्री काढल्या, त्या शेतकऱ्याला मुक्या जिवाचे दुःख कोणी शिकवावे लागत नाही. कर्जत तालुक्यातच रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. काळवीट पिकात शिरले तरी त्याला इजा करावयाची नाही, हे बंधन येथील कोरडवाहू शेतकरी पाळतो. ज्याच्या पिकाची नासाडी होते त्याला कायदा संयम शिकवतो आणि ज्याला नफा कमवायचा आहे त्याला प्राण्याच्या अंगात सुई खुपसण्याची मुभा देतो. हा न्याय कोणत्या वर्गाचा, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

आता परीक्षा म्हणजे काय ते पाहू. भरावद्रव्य उंदराच्या किंवा सशाच्या कातडीखाली ठेवतात, ठराविक आठवड्यांनी प्राणी मारून तेथील मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. वावडे येते की नाही, हे पाहण्यासाठी गिनीपिग वापरतात. ही परीक्षा अगदीच निरर्थक आहे, असे नव्हे. १८९९ मध्ये व्हिएन्नाचे शल्यचिकित्सक गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचण्याचा पायंडा पाडला. पुढे सौंदर्यासाठी ते नाकागालांत भरून घेणाऱ्यांच्या अंगात गाठी उठल्या, चेहरे विद्रूप झाले आणि अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली. परीक्षेवाचून द्रव्य बाजारात आले, की माणूसच प्रयोगशाळेतला ससा होतो. म्हणून ‘परीक्षाच नको’ ही घोषणा समाजवाद्यांची असू शकत नाही.

समाजवाद्यांचा प्रश्न वेगळा आहे : परीक्षा कशासाठी, आणि तिच्या निष्कर्षांवर मालकी कोणाची? आज एक कंपनी आपल्या द्रव्याची परीक्षा करते आणि तिचे तपशील व्यापारी गुपित म्हणून कुलूपबंद करते. दुसरी कंपनी जवळपास तेच द्रव्य घेऊन येते आणि तेच प्राणी पुन्हा मारते. येथे ज्ञानात भर पडत नाही, केवळ बळींची संख्या वाढते. स्पर्धेमुळे वस्तू स्वस्त होते असे भांडवलशाहीचे भाट सांगतात. येथे स्वस्त झाला तो फक्त जीव.

बरे, एवढे करून माणूस तरी सुरक्षित होतो काय? फ्रान्समधील पीआयपी या कंपनीने स्तनरोपणाच्या पिशव्यांत मान्यताप्राप्त सिलिकोनऐवजी औद्योगिक सिलिकोन भरले, हे २०१० मध्ये उघडकीस आले. कागद निर्दोष होते, पिशवीतला माल निराळा होता. फ्रान्सकडे बोट दाखवण्याचे तरी कारण काय? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन पोटात जाऊन चौदा रुग्ण दगावले. औषधी म्हणून आलेल्या त्या मालात डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादार, प्रशासन आणि राजकारणी यांची भ्रष्ट साखळी चव्हाट्यावर मांडली. प्रयोगशाळेत हजार ससे मारले, तरी बाटलीत भलताच माल भरणाऱ्या नफेखोराचा हात त्यामुळे अडत नाही. तो अडवतो प्रामाणिक, निर्भय आणि पुरेसे मनुष्यबळ असलेला सरकारी निरीक्षक. आणि नेमक्या त्याच्याच जागा भरण्याची वेळ आली, की सरकारला काटकसर आठवते.

भाजलेल्या स्त्रीचा चेहरा सावरणे, रोगाने खोल गेलेले गाल भरून काढणे ही गरज आहे. ती सरकारी रुग्णालयात मोफत भागली पाहिजे आणि त्यासाठी अपरिहार्य असेल तेवढीच परीक्षा सार्वजनिक संस्थेत व्हावी. सुरकुती ही मात्र व्याधी नव्हे. ती व्याधी आहे, असे स्त्रीच्या मनावर बिंबवण्यासाठी जाहिरातींचा मारा करावा लागतो. आधी न्यूनगंड विकावयाचा आणि मग त्यावरचा इलाज, हा या बाजाराचा नियम होय. अशा कृत्रिम मागणीसाठी एकाही प्राण्याचा बळी समर्थनीय नाही. शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून साकारलेला १९६० चा कायदाच सांगतो. नव्या औषधांसाठी प्राणीविरहित चाचण्यांची वाटही २०२३ च्या नियमदुरुस्तीने मोकळी केली. मग चैनीच्या सुईलाच सवलत का?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. निव्वळ सौंदर्यासाठीच्या भरावद्रव्यांना लालीचीच बंदी लागू करा आणि प्राणीविरहित परीक्षेत जे उतरणार नाही ते बाजारात येऊ देऊ नका. आजवरच्या सर्व परीक्षांचे निष्कर्ष जनतेपुढे खुले करा. अन्न व औषध प्रशासनातील रिक्त पदे भरा. सुईचा हा धंदा आज महानगरांत फोफावला आहे. उद्या तो तालुक्याच्या गावी पोहोचेल, तेव्हा स्वस्त आणि बनावट मालाची पहिली गिऱ्हाइके गरीब घरच्या मुलीच असतील. सशाला वाचवण्याची लढाई आणि त्या मुलीला वाचवण्याची लढाई या दोन नाहीत. दोघांच्याही अंगात सुई खुपसणारा हात एकच आहे आणि तो नफ्याचा आहे.